‘मी’ की ‘आम्ही’? बाप्तिस्म्याच्या वाक्यातला एक शब्द

‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो.’ कॅथलिक स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, गाभा एवढाच: हे वाक्य आणि पाणी. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती यांना अर्थ आहेच, पण जिवावर बेतलेल्या क्षणी ते राहून गेलं तरी बाप्तिस्मा होतो. वाक्य बिघडलं तर होत नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असं म्हणून झालेला संस्कार ग्राह्य नाही. त्याच महिन्यात अमेरिकेत डेट्रॉइटमधल्या एका फादरांना कळलं की आपला बाप्तिस्मा झालेलाच नाही: त्याच्या जुन्या व्हिडिओफितीत ‘आम्ही’ म्हटलं गेलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करणारा संस्कार) नाही, आणि गुरुदीक्षाही (फादर होण्याचा संस्कार) नाही. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं.

‘एका शब्दासाठी एवढं?’ हा प्रश्न रास्त आहे आणि माझं उत्तर ठाम ‘हो’ आहे. बाप्तिस्मा देणारा खुद्द ख्रिस्त, फादर फक्त त्याचा हात, ही शिकवण संत ऑगस्टीनपासूनची. ‘आम्ही’ म्हटलं की आईवडील, गॉडपेरेंट्स (धर्ममातापिता), जमलेला समाज हे सगळे मिळून बाप्तिस्मा देतात असा अर्थ होतो. भावना प्रेमाची, पण कर्ता बदलला. पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर ‘देवाचा सेवक अमुक याला बाप्तिस्मा दिला जातो’ असं म्हणतात. त्यात ‘मी’ नाही, तरी रोम ते मान्य करतं, कारण तिथे ख्रिस्ताच्या जागी दुसरं कुणी येत नाही.

आपल्या भाषेत आणखी एक खाच आहे. ‘देतो’ हे रूप ‘मी’ला लागतं तसं ‘तो’लाही लागतं. म्हणून बोलण्याच्या सवयीने ‘मी’ गाळू नका. आणि ‘नावाने’ एकवचनीच हवं, ‘नावांनी’ नको. मत्तयाच्या 28व्या अध्यायात, 19व्या वचनात, तिघांसाठी नाव एकच आहे.

‘निर्माता, उद्धारक आणि पावनकर्ता’ हा पर्यायही 2008 मध्ये नाकारला गेला. ही कामांची वर्णनं झाली. पिता आणि पुत्र हे नातं त्यात उरत नाही. ‘केवळ येशूच्या नावाने’ हा वाद वेगळा. प्रेषितांच्या कृत्यांत, 2:38 मध्ये, ‘येशू ख्रिस्ताच्या नावाने’ असे शब्द आहेत खरे, आणि या वादावरूनच 1916 मध्ये अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथात फूट पडली. पण दिदाखे या अतिप्राचीन ग्रंथात त्रैक्याचं, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं, वाक्य आणि डोक्यावर तीनदा पाणी ओतणं, दोन्ही स्पष्ट आहे.

आता प्रसूतिगृहातल्या नर्सताईंसाठी आणि घरच्यांसाठी. बाळ दगावेल अशी भीती असेल आणि फादर पोहोचू शकत नसतील, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, स्वतः ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा. चर्च जे करतं तेच करायचा हेतू हवा. साधं पाणी घ्या: नळाचं, विहिरीचं, समुद्राचंही चालतं. दूध किंवा गुलाबपाणी नको. पाव पेला पुरतो. पित्याचं नाव घेताना थोडं, पुत्राचं घेताना थोडं, पवित्र आत्म्याचं घेताना थोडं, असं डोक्यावर ओता. बाई असेल तर ‘देते’ म्हणेल, हरकत नाही.

चुका होतात त्या इथे. एकजण पाणी ओततो आणि दुसरा वाक्य म्हणतो: दोन्ही एकानेच करायचं. ओलं बोट कपाळाला टेकवलं जातं: पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे, नुसत्या केसांवरून नाही. आधी ओतून मग वाक्य म्हटलं जातं: दोन्ही एकत्र चाललं पाहिजे.

बाळ वाचलं तर धर्मग्रामात (आपल्या भागातल्या चर्चमध्ये) जाऊन सांगा: कुणी दिला, कोणते शब्द म्हटले, पाणी कसं ओतलं, साक्षीला कोण होतं. सगळं नीट झालं असेल तर बाप्तिस्मा पुन्हा होत नाही; नोंदवहीत नोंद होते आणि राहिलेले विधी चर्चमध्ये पूर्ण होतात. चौकशीनंतरही खरी शंका उरली, तरच फादर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला…’ अशी सुरुवात करतात.