'कर नाही त्याला डर कशाला' असं लिहिणाऱ्या स्पष्टवक्त्यांना

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या, गुन्ह्याचा आरोप आला तर वकील कसा निवडावा, या माझ्या मागच्या लेखावर 'स्पष्टवक्ता' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी जे लिहून ठेवलं होतं ते छापण्यासारखं नव्हतं.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, त्यांचं म्हणणं असं: लेखात ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, आकडा चुकलाय. कोर्टाकडून फुकट मिळणारा वकील, म्हणजे फेडरल डिफेंडर, मी एका ओळीत गुंडाळला. इमिग्रेशनचा भाग अर्धवट आहे. एकूण लेख महागड्या वकिलांची जाहिरात वाटतो. अमेरिकेत अटक झालेल्या भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडेही शेवटी सुटल्याच. मी स्वतः वकील आहे का? आणि मग हे, त्यांच्याच शब्दांत: "ताई, कर नाही त्याला डर कशाला? निर्दोष माणसाने अधिकाऱ्यांशी सरळ बोलून मोकळं व्हावं. आल्या आल्या वकील शोधणाराच संशयास्पद वाटतो."

आकड्याचं आधी. चुकलं. 'बारा जणांची ग्रँड ज्युरी' असं मी लिहिलं होतं. फेडरल ग्रँड ज्युरीत १६ ते २३ माणसं बसतात आणि आरोप ठेवायला त्यातल्या किमान १२ जणांचा होकार लागतो. डोक्यात नुसते बारा राहिले. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही.

आता ते 'ताई'. आधी ताई म्हणायचं आणि त्याच दमात घरच्या माणसाला संशयित ठरवायचं, ही कुठली रीत? लेखात मी स्वच्छ लिहिलं होतं की हे आमच्या घरात घडलेलं आहे, माझ्या दिराच्या बाबतीत. ते वाचून तुम्ही ही ओळ लिहिलीत. मुद्दा वेगळ्या शब्दांतही मांडता आला असता. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये राहता म्हणता, म्हणजे गणपतीत कुठेतरी समोरासमोर प्रसाद घेतला असेल आपण. समोर उभं राहून हे वाक्य बोलला असतात का? नावाच्या जागी 'स्पष्टवक्ता' लिहिलं की सगळ्यांनाच स्पष्ट बोलता येतं.

तर 'सरळ बोलून मोकळं' कसं होतात ते सांगते.

२०११ सालचा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे सात. दीर तेव्हा आमच्याच घरी राहायचा आणि ओक ट्री रोडवरच्या एका लहान ऑफिसातून डॉक्टरांचं मेडिकल बिलिंग करायचा. दारात दोन फेडरल अधिकारी, एक बाई आणि एक पुरुष. कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही. बाहेर रात्रीचा बर्फ पडलेला. आमच्या दाराशी चपलांची रांग पाहून त्या बाईने कुणी न सांगता बूट काढले, आणि तेवढ्यावर माझ्या सासूबाई खूश. चहा मी केला. बाईने घेतला, तो नको म्हणाला. कुणाचा आवाज चढला नाही, कुणी धमकावलं नाही. एका डॉक्टरच्या बिलांची चौकशी होती, दिराची नव्हे. तो मोकळेपणाने बोलला. अगदी तुमच्या सल्ल्याप्रमाणे!

पाऊण तासात एक प्रश्न असा आला: ही बिलांची यादी पाठवण्याआधी तुम्ही कधी पाहिली होती का? दीर म्हणाला, "नाही."

आठ महिन्यांपूर्वी ती यादी त्याला ईमेलने आली होती आणि त्याने "ओके, थँक्स" असं उत्तर दिलं होतं. ती ईमेल अधिकाऱ्यांकडे आधीपासून होती. फाइल उघडली होती की न उघडताच थँक्स लिहिलं, हे त्याला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. दिवसाला शंभर ईमेल येणारा माणूस तो.

टायटल १८, म्हणजे फेडरल फौजदारी कायदा, त्यातलं कलम १००१ काय म्हणतं? फेडरल सरकारच्या अखत्यारीतल्या बाबतीत, महत्त्वाच्या गोष्टीबद्दल, जाणूनबुजून खोटं सांगितलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. शपथ लागत नाही, सही लागत नाही, कोर्ट लागत नाही. सोफ्यावर बसून चालतं. 'जाणूनबुजून' हा शब्द आहे खरा, पण तुमच्या मनात काय होतं हे नंतर बारा अनोळखी माणसं ठरवतात. नुसतं 'नाही' म्हटलं तर? १९९८ साली सुप्रीम कोर्टापुढे ब्रोगन नावाच्या युनियन पदाधिकाऱ्याचा खटला आला. अधिकारी त्याच्या घरी गेले होते, मालकाकडून पैसे किंवा भेटी घेतल्या का असं विचारलं, तो नाही म्हणाला. कोर्टाने सांगितलं, खोटा नकार हाही या कलमात बसतो, नुसता नकार म्हणून सूट नाही. टीव्हीवरच्या प्रसिद्ध उद्योजिका मार्था स्ट्युअर्टचं नाव तरी ऐकलं असेल. शेअर्सच्या फसवणुकीचा आरोप न्यायाधीशांनीच काढून टाकला होता. २००४ साली ती पाच महिने आत गेली ती चौकशीत खोटं सांगणं, अडथळा आणणं आणि त्याचा कट यासाठी.

माझ्या दिराचंही तेच. बिलांच्या घोटाळ्यात त्याच्यावर एकही आरोप नव्हता. त्या एका 'नाही'पायी १००१ चा एक गुन्हा कबूल करून त्याने दोन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी कोर्टाची देखरेख, भोगलं. तुम्ही म्हणाल, मग खोटं बोललाच की. म्हणा. अंगावर येईपर्यंत मीही असंच म्हणत होते.

आणि वकील शोधणारा संशयास्पद कुणाला वाटतो? शेजाऱ्यांना वाटत असेल. "वकिलाशी बोलल्याशिवाय बोलणार नाही, तुमचं कार्ड ठेवून जा," हे वाक्य त्या अधिकाऱ्यांनी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल. आपल्या लोकांनाच दारातल्या पाहुण्याला आत न घेणं जमत नाही. सासूबाई तर त्यांना पोह्यांचा आग्रह करणार होत्या.

आमची दुसरी चूक लेखात होतीच, पण तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. आम्ही वकील केला तो ओळखीचा. स्पीडिंगची तिकिटं, घराचं क्लोजिंग म्हणजे खरेदीचे कागद, सगळं त्यानेच केलेलं. माणूस चांगला, भारतीय, रविवारीही फोन उचलणारा. बारा हजार डॉलर घेतले. तीन आठवडे सरकारी वकिलाला एक फोन नाही. नूअर्कच्या फेडरल कोर्टात पहिल्या दिवशी त्याने दिराला हळूच विचारलं, प्रीट्रायल सर्व्हिसेसचं (खटल्याआधी आरोपीवर देखरेख ठेवणारं) ऑफिस कुठल्या मजल्यावर? त्या क्षणी माझ्या नवऱ्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. म्युनिसिपल कोर्टात दहा मिनिटांत तडजोड करणारा माणूस सेंटेन्सिंग गाइडलाइन्सच्या, म्हणजे फेडरल शिक्षा मोजायच्या नियमांच्या, कोष्टकापुढे बसला की काय होतं, ते आम्ही बारा हजार देऊन पाहिलं. इथे पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी सुटका, नाही. १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना तो उरलेलाच नाही. चांगल्या वागणुकीचे वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस सुटतात. म्हणून शिक्षा किती हे जे ठरायचं ते आधीच ठरतं, आणि बहुतेक वेळा वाटाघाटीत. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०१८ च्या आर्थिक वर्षाचे आकडे मांडले होते: जवळजवळ ८०,००० फेडरल आरोपी, त्यातल्या ९० टक्क्यांनी गुन्हा कबूल केला, खटल्यापर्यंत गेले २ टक्के, आणि खटला लढून निर्दोष सुटले ३२०. तीनशेवीस. करा हिशोब आणि मग 'निर्दोष माणसाने' हे वाक्य परत वाचा.

जाहिरातीचा आरोप मात्र मला हास्यास्पद वाटला. एकाही वकिलाचं नाव लेखात नाही. उलट मी लिहिलं होतं की वकील ज्या जुन्या फेडरल केसेस सांगेल त्यांचे कागद पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन नोंदींत, स्वतः उघडून बघा. पानाला दहा सेंट पडतात, एका दस्तऐवजाला सहसा तीन डॉलरच्या वर जात नाही. फी कुठल्या टप्प्यापर्यंतची, खटला उभा राहिला तर वेगळी का, हे लेखी घ्या. 'सुटलात तरच फी द्या' म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा, फौजदारी प्रकरणात तशी फी वकिलांच्या आचारसंहितेत बसत नाही. हे जाहिरात करणारे लिहितात?

फेडरल डिफेंडरबद्दल: हो, ते रोज हेच काम करतात, आणि आमच्या पहिल्या वकिलापेक्षा नक्कीच बरे ठरले असते. पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. परवडत नाही हे कोर्टाला शपथेवर लिहून दाखवावं लागतं, न्यायाधीश ठरवतात. ज्यांना मिळतो त्यांनी जरूर घ्यावा. यावर सविस्तर तुम्हीच का लिहीत नाही?

इमिग्रेशनवर स्वतंत्र लेख येईल. तोवर एवढंच की गुन्हा कबूल केल्यावर देशाबाहेर काढण्याचा धोका असेल तर तसं सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पडिया खटल्यात म्हटलंय. खोब्रागडेंचं आरोपपत्र मार्च २०१४ मध्ये रद्द झालं ते राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर, आणि दोनच दिवसांत नवं दाखल झालं. तुमच्या-माझ्या पासपोर्टात ती सोय नाही. आणि नाही, मी वकील नाही. फार्मसीत काम करते.

प्रतिक्रिया काढून टाकणार नाही, तुम्ही तसा अंदाज केला होता म्हणून मुद्दाम सांगते. हे उत्तर टाकण्याआधी दिराला वाचायला दिलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, फोन परत केला आणि म्हणाला, "वहिनी, चहा दोघांनीही घेतला होता."

मला अजूनही एकीनेच घेतलेला आठवतोय.