पेडलचा ‘एकमेव बरोबर क्रम’ म्हणे!

गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र दर दोन-चार महिन्यांनी फिरून येतं. रंगीत चौकोन, मध्ये बाण, आणि वर मथळा की पेडलबोर्डचा (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची पेडलं एका फळीवर लावलेली) एकमेव बरोबर क्रम हाच. ट्यूनर, सूर ‘वा-वा’ करणारा वाह, लहान-मोठे सूर सारखे करणारा कंप्रेसर, आवाज फाडणारे ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन (म्हणजे ड्राइव्ह), मग आवाज हलता करणारे कोरस-फेझर-फ्लँजर (हेच मॉड्युलेशन), मग सूर परत ऐकवणारा डिले आणि शेवटी आवाज घुमवणारा रिव्हर्ब. खाली ताकीद: ट्यूनर कायम पहिला, मॉड्युलेशन कायम ड्राइव्हच्या नंतर, डिले कायम रिव्हर्बच्या आधी आणि दोन्ही ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्येच (ॲम्पच्या आत आवाज फाटतो त्यानंतर पेडल जोडायची जागा), पेडल घ्याल तर ट्रू बायपासच (बंद केलं की सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे) घ्या कारण बफर (सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किट) टोन खातो, आणि क्रम चुकला तर पेडल नाहीतर ॲम्प उडेल. त्याच्याखाली ढीगभर अंगठे, आणि नवीन शिकणारी पोरं बिचारी रात्री बसून अख्खा बोर्ड उचकटतायत.

क्रम वाईट नाहीये हं. उद्या कुणी पहिल्यांदा चार पेडलं घेऊन बसला आणि कसं लावू विचारलं तर मीही साधारण असंच लाव म्हणेन. पण हे असं का आहे ते त्या चित्रात कुठेच नाही, आणि कारण माहीत नसलं की माणूस जिथे नियम लागूच होत नाही तिथेही तो पाळत बसतो.

कारण तसं एकच आहे. आवाज फाटतोय कुठे ते बघायचं. फझमध्ये (आवाज खरखरीत फाडणारं पेडल), ओव्हरड्राइव्हमध्ये, की ॲम्पमध्येच. जे पेडल त्याच्या आधी आहे त्याचा आवाज फाटण्यातून भरडून निघतो, जे नंतर आहे ते आधीच फाटलेल्या आवाजावर बसतं, आणि ह्या दोन्हीत कानाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बूस्ट पेडल घ्या. ते ओव्हरड्राइव्हच्या आधी लावून दाबलं तर व्हॉल्यूम फारसा वाढत नाही, गेन म्हणजे फाटणं वाढतं, सस्टेन म्हणजे सूर टिकणं वाढतं. तेच नंतर लावलं तर गेन तसाच राहतो आणि आवाज मोठा होतो, म्हणजे सोलोला गर्दीतून वर यायला हे दुसरं कामाचं. आता ह्यातलं बरोबर कुठलं? तुम्हाला काय हवंय त्यावर आहे ना ते! मेटलवाली मंडळी ट्यूब स्क्रीमर ह्या ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह नॉब शून्यावर आणि लेव्हल फुल ठेवून हाय-गेन ॲम्पच्या पुढ्यात लावतात तेही ह्याचसाठी, कारण त्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या म्हणजे फाटण्याच्या आधीच कमी होतो, आणि खालच्या तारेवरचं चगिंग (तळहाताने तार दाबून वाजवलेले ठोके) चिखल न होता घट्ट ऐकू येतं. तेच पेडल ॲम्पच्या लूपमध्ये टाका, सगळी गंमत संपली.

आता ट्यूनर कायम पहिला, ह्याबद्दल. बहुतेक बोर्डांवर चालतं, कारण ट्यूनरला स्वच्छ सिग्नल मिळतो. पण बोर्डावर फझ फेस जातीचा फझ असला तर गोची होते. १९६६ साली लंडनच्या आर्बिटरने काढलेलं हे गोल पेडल, आत जेमतेम दोन ट्रान्झिस्टर, आणि त्याचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) इतका कमी की गिटारचा पिकअप (तारांचं कंपन पकडणारी कॉइल) आणि व्हॉल्यूम नॉब हे जणू त्याच्या सर्किटचाच भाग होतात. म्हणून तर गिटारचा व्हॉल्यूम ७ च्या आसपास आणला की तो फझ सुंदर क्लीन होतो, सगळी जादू तिथेच आहे. त्याच्या आधी बॉसचा टीयू-३ ट्यूनर लावलात की मध्ये बफर आला, पिकअप आणि फझची गाठ तुटली, आणि मग आवाज कर्कश होतो, नॉब फिरवला तरी पूर्वीसारखा साफ होत नाही. लोक म्हणतात फझच भिकार निघाला. अरे बाबा, तो ट्यूनर फझच्या मागे, म्हणजे साखळीत फझनंतर, टाकून बघ आधी! फझ बंद करून ट्यून करायचं, एवढंच. नाहीतर ट्रू बायपासवाला ट्यूनर घ्या, काहींमध्ये बफर चालू-बंद करायचा बारीक स्विचही असतो, पॉलीट्यून ३ मध्ये आहे. बिग मफ किंवा साधं डिस्टॉर्शन असेल तर ह्यातलं काहीच डोक्यात घेऊ नका, त्यांना फरक पडत नाही.

(जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ असेल तर आणखी एक. त्या ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही, लीकेज म्हणजे नको तिथून झिरपणारा करंट वाढतो आणि आवाज बदलतो. मे महिन्यात दुपारी चारला उघड्या स्टेजवर साउंडचेक केलात आणि रात्री तोच बोर्ड वेगळा वाजला तर क्रमाच्या नावाने बोंब मारू नका.)

वाह आधी की फझ आधी हाही असाच जुना वाद. जिमी हेंड्रिक्सने १९६९ ला वुडस्टॉक महोत्सवात वाह, मग फझ फेस, मग युनि-व्हाइब (हेही मॉड्युलेशनच), मग मार्शल ॲम्प असं लावलं होतं, म्हणजे चित्रातल्यासारखंच, आणि मला वाटतं चित्रात वाह पुढे असण्यामागे त्याचा मोठा हात असावा. पण जुन्या पद्धतीचा वाह फझ फेसच्या पुढे लावला की फझ त्याला दाबून टाकतो, वाहचा स्वीप अर्धा होतो, कधी शिट्टीही मारतो. म्हणून काही जण फझ आधी आणि वाह नंतर लावतात, त्यात स्वीप रुंद आणि जरा राक्षसी येतो. दोन्ही चालतं, दोन्ही वापरतात.

मॉड्युलेशन ड्राइव्हच्या नंतरच, ह्या मुद्द्याला गिटारवादक एडी व्हॅन हेलन एकटा पुरून उरतो. १९७८ चा त्याच्या बँडचा पहिला अल्बम काढून ऐका. एमएक्सआरचा फेझ ९० ॲम्पच्या पुढे आहे, आणि आवाज फाटतोय मार्शलच्या आत. म्हणजे फेझर ड्राइव्हच्या आधी! चित्राच्या हिशेबाने साफ चूक, आणि त्या आवाजासाठी लोक गेली ४०-४५ वर्षं पैसे घालतायत. कारण सरळ आहे. फेझर आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी कापून खाचा पाडतो आणि त्या खाचा वरखाली फिरवतो. त्यानंतर डिस्टॉर्शन आलं तर ते नवीन हार्मोनिक तयार करून त्या खाचा बऱ्याचशा बुजवतं, आणि उरते ती एक हलकी, गळ्यातून आल्यासारखी हालचाल. उलट डिस्टॉर्शन आधी आणि फेझर किंवा फ्लँजर नंतर, तर हार्मोनिकने गच्च भरलेल्या आवाजावर खाचा फिरतात आणि विमान उडाल्यासारखा झुऊऊऊ येतो. ज्याला विमान पाहिजे त्याने नंतर लावावं. रिफमध्ये नुसती जान हवी असेल तर आधी. कोरस मात्र मला स्वतःला ड्राइव्हच्या आधी कधी आवडला नाही, पण ती माझी आवड झाली.

आता डिले-रिव्हर्बकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त ठासून सांगितलं जातं ते इथे, आणि सगळ्यात कमी तथ्यही इथेच. रिव्हर्ब डिलेच्या आधी लावला तर चिखल होतो म्हणे. बरं, एक सूर वाजवा. डिले ४०० मिलिसेकंद, रिव्हर्बची शेपूट २ सेकंद. डिले आधी असेल तर काय होतं, सुराची पुनरावृत्ती होते आणि प्रत्येक पुनरावृत्तीला रिव्हर्बची शेपूट लागते. रिव्हर्ब आधी असेल तर सुराला शेपूट लागते आणि त्या शेपटासकट त्याची पुनरावृत्ती होते. म्हणजे दोन्हीकडे प्रत्येक पुनरावृत्तीला शेपूट आहेच! कागदावर मांडलं तर दोन्हीचा निकाल तंतोतंत एकच येतो, कारण दोन्ही इफेक्ट आवाजाला फाडत नाहीत, नुसतं त्याचं लांबवणं आणि परत ऐकवणं करतात, आणि अशा दोन क्रियांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच राहते. साधा ईक्यू (फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणारा) आणि डिले ह्यांचंही तेच.

मग फरक ऐकू येतो म्हणणारे सगळे खोटारडे का? तसं नाही. ॲनालॉग डिले जोरात वाजवला की तो स्वतःच थोडा फाटतो, तिथे फरक पडतो. रिव्हर्बमध्ये शिमर (शेपटीत वरच्या सप्तकातला सूर मिसळणं) किंवा हलणारं मॉड्युलेशन असेल तर पडतो. स्टिरिओ रिव्हर्बच्या मागे मोनो डिले लावला तर स्टिरिओच गेला, तो तर मोठा फरक. शिवाय पेडल बंद केल्यावर मागची शेपूट कशी विझते तेही क्रमावर ठरतं. पण दोन साधी डिजिटल पेडलं, दोन्ही मोनो, ॲम्प क्लीन, अशा सेटअपवर क्रम बदलून ‘आहाहा आता कसं मोकळं झालं’ म्हणणाऱ्याने एकदा डोळ्यांना पट्टी बांधून ओळखून दाखवावं.

चिखल होतो तो डिले आणि रिव्हर्ब ह्यांच्या आपसातल्या क्रमाने नाही. डिले-रिव्हर्ब आधी आणि फाटणं नंतर आलं की होतो. विझत चाललेली पुनरावृत्ती आणि नवा सूर दोन्ही एकाच वेळी गेनमध्ये घुसतात आणि एकमेकांत कालवले जातात. पण हाही चिखल लोकांनी मुद्दाम वापरलाय. यूटू बँडचा गिटारवादक एज डिले लावतो तो थोड्या फाटणाऱ्या व्हॉक्स एसी३० ॲम्पच्या पुढ्यात. फेंडरने १९६१ मध्ये रिव्हर्बचा वेगळा डबा काढला तो गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायचा होता, सगळ्या ॲम्पच्या आधी, आणि गिटारवादक डिक डेलसकट अख्खं सर्फ संगीत त्या टपटपणाऱ्या स्प्रिंगवर उभं राहिलं. शूगेझ ह्या गोंगाटी रॉकचे वादक तर रिव्हर्ब मुद्दाम फझच्या आधी लावतात, भिंत कोसळल्यासारखा आवाज हवा म्हणूनच.

आणि इफेक्ट्स लूपमध्येच लावा म्हणे. अहो, ॲम्पला लूप असेल तर ना! जुन्या एसी३० ला नाही, फेंडरच्या डीलक्स रिव्हर्ब ॲम्पला नाही, आणि जॅमरूममध्ये तासावर मिळणाऱ्या ॲम्पला असला तरी त्याचे जॅक धड असतील ह्याची काय खात्री. शिवाय तुमचा ड्राइव्ह पेडलातूनच येतोय आणि ॲम्प क्लीन आहे तर ॲम्पच्या आत फाटतंच काही नाहीये, मग डिले पुढे लावला काय आणि लूपमध्ये लावला काय, फरक किरकोळ. ॲम्पचाच डिस्टॉर्शन चॅनल वापरत असाल तर मात्र लूप हवा, आणि तिथे चित्र बरोबर आहे.

ट्रू बायपासबद्दल थोडा हिशेब करू. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. गिटारपासून बोर्ड ६ मीटर, बोर्डापासून ॲम्प ६ मीटर, वर पॅच केबली. सगळी पेडलं ट्रू बायपास आणि सगळी बंद, तर पिकअपला ही पूर्ण तार एकट्याने ओढावी लागते, म्हणजे १३००-१४०० पिकोफॅरड. ३ हेन्रीच्या आसपासचा पिकअप असेल तर ६-७ मीटर तारेवर त्याचा चमकणारा भाग साधारण साडेतीन हजार हर्ट्झवर असतो तो ह्या लांब तारेवर अडीच हजारापर्यंत खाली येतो. हाच तो ‘टोन खाल्ला’ म्हणतात ना, तो ह्या ट्रू बायपासच्या माळेने खाल्लाय! सुरुवातीला एक बरा बफर असता तर पिकअपला फक्त पहिल्या ६ मीटरचा भार पडला असता. इंग्लंडचा पीट कॉर्निश, ज्याने पिंक फ्लॉइडच्या गिल्मरसारख्यांचे बोर्ड बांधले, तो कायम बफरच्याच बाजूचा. आणि गंमत म्हणजे बफर म्हटलं की नाक मुरडणारे हेच लोक ट्यूब स्क्रीमरची आरती ओवाळत असतात, त्याचा बायपास बफरवालाच आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वाईट बफर असतात, दहा बफर एकामागे एक लावले तर आवाज बदलतोही, मान्य. एक-दोन पुरे, आणि फझ फेस असेल तर त्याच्या मागे.

कंप्रेसर आणि नॉइज गेटवर (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं पेडल) फार बोलत नाही. कंप्रेसर ड्राइव्हच्या मागे टाकला तर सुरांच्या मधली सगळी खरखर वर ओढून आणतो, म्हणून लोक पुढे लावतात. गेट डिलेच्या मागे टाकला तर शेपटी कापतो. इथे चित्राशी माझं काही भांडण नाही.

हो, आणि ते चित्र डावीकडून उजवीकडे जातं, खरा बोर्ड बहुतेक उलटा जातो, कारण बहुतेक पेडलांचं इनपुट उजव्या कुशीत असतं. त्यात जमिनीवरची जागा आणि सिग्नलचा क्रम एकच असायला हवा असंही काही नाही. गाण्यात सारखं दाबायचं ते पुढच्या ओळीत, एकदा लावून विसरायचं ते मागे, वाह कोपऱ्यात जिथे पाय सहज पडेल तिथे. तार मागून कशीही फिरवा. लांब पॅच केबल लागली तर लागली.

क्रम बदलून बघायचाच असेल तर बोर्ड उचकटायची गरज नाही. साखळीत अगदी पहिला लूपर लावा, एक तुकडा कोरा रेकॉर्ड करून फिरत ठेवा, आणि हात मोकळे ठेवून मागची पेडलं अदलाबदल करत ऐका. फझ फेस मात्र ह्यात तपासू नका, लूपर मध्ये आला की त्याला पिकअप दिसत नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणारे बरेच जण हल्ली मल्टिइफेक्टवरच (सगळे इफेक्ट एकाच डब्यात) असतात, त्यांना तर ब्लॉक नुसता सरकवायचाय.

शेवटचा मुद्दा, पेडल उडेल. क्रमाने काहीही उडत नाही. पिंक फ्लॉइडच्या गिल्मरने वाहच्या इनपुट-आउटपुटच्या केबल चक्क उलट लावून समुद्रपक्ष्यांच्या चिरकण्यासारखा आवाज काढला आणि तो १९७१ च्या रेकॉर्डवर आहे, वाहला काही झालं नाही. उडतं ते पॉवरने. ९ व्होल्टच्या पेडलला १८ दिलं, पोलॅरिटी उलटी लागली, एसी ॲडॅप्टर डीसीच्या पेडलात खुपसला, किंवा ॲम्पचं स्पीकर आउट हे इफेक्ट्स लूपचं सेंड समजून पेडलात घातलं. जुन्या पद्धतीचे पॉझिटिव्ह ग्राउंडवाले जर्मेनियम फझ इतर पेडलांबरोबर एकाच डेझी चेनवर (एका ॲडॅप्टरवरून अनेक पेडलांना वीज देणारी तार) लावले तर थेट शॉर्ट होतो, त्यांना वेगळा आयसोलेटेड आउटपुट किंवा बॅटरीच लागते. एखादा डिजिटल डिले २००-३०० मिलिॲम्पिअरही मागतो, तो ड्राइव्हबरोबर एकाच चेनवर टाकला की त्याची बारीक किणकिण ड्राइव्हमध्ये शिरते आणि मोठी होऊन बाहेर येते, आणि माणूस क्रम बदलत बसतो. गणपतीच्या मांडवात तर अर्थिंगचाच पत्ता नसतो. तिथे हम म्हणजे सततची गुणगुण आली तर सगळी पेडलं काढा, गिटार सरळ ॲम्पला लावा, हम तरीही आहे का बघा, असला तर इलेक्ट्रिशियनला हाक मारा, नसेल तर एकेक पेडल बॅटरीवर जोडत जा, बॅटरी न घेणारी शेवटी.