पाचवा शिक्का

काल रात्री लेकीचा ओसाकाहून व्हिडिओ कॉल आला. येत्या मार्चमध्ये आम्ही दोघांनी परत तिकडे जायचं घाटतंय, त्यामुळे सध्या घरात दुसरा विषय नाही. मी हौसेने विचारलं, "अगं, ते आपलं शिक्क्यांचं तिकीट यंदाही काढायचं ना?" तर म्हणाली, "बाबा, ते विसरा आता. एकदा सुरू केलं की सलग पाच दिवस. नाहीतर सलग तीन. मध्ये खंड चालत नाही."

"म्हणजे रोज गाडीत बसायचं?"

"बसा नाहीतर घरी बसा, दिवस मोजले जाणारच."

आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "मग ते तिकीट कसलं, अँटिबायोटिक झालं! तीनचा कोर्स की पाचचा?"

हसलो आम्ही, पण मला रात्री झोप लागली नाही. कोणाला वाटेल, जपानातल्या एका तिकिटाचे नियम बदलले तर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माणसाने कशाला जीव जाळावा? सांगतो.

१९८२ पासून तिकडे 'सेइशुन जूहाचि किप्पु' नावाचं तिकीट मिळतं. सेइशुन म्हणजे तारुण्य, जूहाचि म्हणजे अठरा, किप्पु म्हणजे तिकीट. नावात अठरा असलं तरी वयाची अट नाही. शाळा-कॉलेजांना वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात सुट्या लागतात तेवढ्यापुरतंच ते विकतात. १९८७ मध्ये तिथल्या सरकारी रेल्वेचे तुकडे पडले, त्यातल्या प्रवासी वाहतुकीच्या सहाही कंपन्यांच्या गाड्यांना ते चालतं. बुलेट ट्रेन नाही, एक्सप्रेस नाही. फक्त लोकल आणि त्यांच्या त्या रॅपिड गाड्या. पण त्यात मात्र दिवसभर, देशभर, कितीही वेळा चढा आणि उतरा. किंमत १२,०५० येन, पाच दिवसांची. म्हणजे दिवसाला २,४१०.

आणि हे पाच दिवस आपल्या मर्जीचे असत. हंगामाच्या मुदतीत हवे ते पाच. आज एक, पुढच्या रविवारी दुसरा, मग पंधरा दिवस काही नाही. किंवा पाच माणसांनी एकत्र एकाच दिवशी निघायचं आणि पाचही दिवस एका दमात उडवायचे. एक कागद, त्यावर पाच शिक्क्यांची जागा. कोणाचे शिक्के, कधीचे शिक्के, रेल्वेला कर्तव्य नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं की हे बंद. १० डिसेंबरपासूनच्या हिवाळी हंगामात नवा नियम लागूही झाला. सलग पाच दिवस १२,०५० येन, सलग तीन दिवस १०,००० येन. एका तिकिटावर एकच माणूस. बदल्यात काय, तर तिकीट आता ऑटोमॅटिक गेटमधून जातं, शिक्क्यासाठी खिडकीशी थांबावं लागत नाही. तिकडचे लोक चिडले. बरोबर चिडले.

आता मी कोण हे बोलणारा? मी बावीस वर्षं बडोदा-अंकलेश्वर अपडाऊन केलेला माणूस. जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. सकाळची मेमू, विश्वामित्री, मकरपुरा, इटोला, मियागाम-करजण, पालेज, भरूच, मग नर्मदेचा पूल आणि अंकलेश्वर. पुलावर गाडी आली की डब्यातला पत्त्यांचा डाव क्षणभर थांबायचा, कोणीतरी खिडकीतून नाणं टाकायचं, आणि लगेच हुकूम कोणता होता यावरून भांडण सुरू. चौघांच्या गुडघ्यांवर एक टॉवेल ताणलेला, हेच टेबल. आमच्या डब्यात मी एकटा मराठी. "आवो मराठेकाका" म्हणून जागा मिळायची. माझं आडनाव मराठे नाही, पण बावीस वर्षांत ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्या पासाने मला काय दिलं असेल, तर हिशेब न करण्याची चैन. दीडशे किलोमीटरपर्यंत मंथली पास निघतो, तीन महिन्यांचा काढला तर महिन्याच्या २.७ पट पैसे. त्यामुळे मी तीन महिन्यांचाच काढायचो. एकदा तो प्लॅस्टिकच्या कव्हरात गेला की संपलं. शनिवारी साहेबाने लवकर सोडलं तर करजणला उतरून मित्राच्या शेतावर जायचं, पोंक म्हणजे आपला हुरडा खायचा, संध्याकाळच्या गाडीने घरी. अशा उतरण्याचे वेगळे पैसे पडले असते तर मी कधीच उतरलो नसतो. मध्यमवर्गीय माणूस आहे मी, दहा रुपयांसाठी बेत रद्द करणाऱ्यांतला.

(करजणबद्दल राहवत नाही म्हणून सांगतो. १८६२ मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम नॅरोगेज टाकली, भारतातली पहिली. सुरुवातीला ती बैल ओढायचे. आपल्या गायकवाडांच्या राज्यात रेल्वे बैलांनी ओढली गेली आहे, तेव्हा धीम्या गाडीचं प्रेम आमच्या रक्तातच असणार.)

"अहो पण तुमचा पासही सलगच होता की!" असं कोणीतरी खाली लिहिणार, म्हणून आधीच कबूल करतो. होता. रविवार धरून, दिवाळी धरून, तापाने अंथरुणावर पडलो ते दिवस धरून. आपल्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा, तोही सलग. त्यावर आम्ही लग्नानंतर सात दिवसांत अख्खं कोकण उभं-आडवं केलं होतं आणि शेवटच्या दिवशी पास वसूल व्हावा म्हणून उगाच एका गाडीत बसून गेलो आणि त्याच गाडीने परत आलो. उतरलोसुद्धा नाही! तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, कारण पास पहिल्यापासूनच तसा होता.

शिवाय माझा पास नोकरीचा होता, आणि नोकरी सलग असते. हौस सलग नसते. हौस म्हणजे एखादा मोकळा रविवार, चांगली हवा, गुडघा दुखत नाही अशी सकाळ. या तिन्ही गोष्टी एका दिवशी जमल्या तर जमल्या. सलग पाच दिवस त्या जमून येतील असं ज्याला वाटतं त्याने बहुधा साठी पाहिलेली नाही. माझी लेक आणि जावई दोघंही नोकरी करतात, त्यांना सुटी शनिवार-रविवार. सलग तीन दिवसांचं तिकीट त्यांनी काढायचं तर शुक्रवारची किंवा सोमवारची रजा मागायची. म्हणजे ज्याला लांब सुटी आहे त्या विद्यार्थ्याचं फारसं बिघडलं नाही, आणि जो चार शनिवार-रविवार जोडून थोडं जग बघत होता त्याचं तिकीटच गेलं.

आम्ही २०२४ च्या मार्चमध्ये गेलो होतो तेव्हाची गोष्ट. जुना नियम होता. ३० मार्च, शनिवार. लेक, जावई, मी आणि ही, चौघं एका तिकिटावर. स्टेशनवरच्या गेटाशी एक तरुण कर्मचारी बसला होता. लेकीने चार बोटं दाखवली. त्याने आम्हा चौघांकडे एकदा पाहिलं, मनात मोजलं, आणि त्या तळहाताएवढ्या कागदावर एकामागून एक चार शिक्के मारले. प्रत्येक शिक्का मारून झाला की जरा थांबायचा, सरळ लागला का बघायचा, मग पुढचा. मागे रांग होती तरी घाई नाही. ही मला म्हणाली, "आपल्या लग्नाच्या रजिस्टरवरसुद्धा इतकं नीट सही-शिक्क्याचं काम झालं नव्हतं."

आपल्याकडे ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती अजून परत आलेली नाही. आणि तिथे मी बासष्टाव्या वर्षी 'तारुण्य अठरा'च्या तिकिटावर फिरत होतो.

तासाभरात हिमेजी. पांढराशुभ्र किल्ला, खाली चेरीची झाडं, आणि झाडांवर फक्त कळ्या. त्या वर्षी फुलं उशिरा आली. आम्ही कळ्यांचे फोटो काढले आणि पुढे ओकायामाला निघालो. वाटेत आयोई नावाच्या स्टेशनवर गाडी बदलायची होती, आणि पुढची गाडी जेमतेम तीन-चार डब्यांची. दारं उघडली मात्र, इतका वेळ देवळात बसल्यासारखी शांत बसलेली ती माणसं, म्हाताऱ्या बायकासुद्धा, जागा पकडायला जी धावली! मला एकदम घर आठवलं. बावीस वर्षांची सवय कामाला आली, मी चौघांची जागा धरली. रुमाल टाकून नाही, नुसता आडवा बसून. लेक लाजेने लाल झाली. शेजारचे एक आजोबा मात्र माझ्याकडे बघून हसले आणि आपल्या खिशातून तसलंच तिकीट काढून दाखवलं. त्यांचे तीन शिक्के झाले होते, दोन बाकी. भाषा नव्हती, तरी मला कळलं की हा आपल्याच डब्यातला माणूस.

आता हिशेब सांगतो, पासवाल्याला हिशेबाशिवाय करमत नाही. त्या दिवशी चौघांचे मिळून ९,६४० येन झाले. ओसाका-हिमेजी एका बाजूचं साधं भाडं तेव्हा माणशी १,५२०, म्हणजे नुसतं हिमेजीला जाऊन आलो असतो तरी चौघांना १२,१६० पडले असते. अख्ख्या तिकिटापेक्षा जास्त! आणि नव्या नियमात? एका तिकिटावर एक माणूस, त्यामुळे चौघांची तीन दिवसांची चार तिकिटं, ४०,००० येन. एका दिवसाच्या सहलीसाठी. रेल्वे म्हणेल, आम्ही पाच दिवसांची किंमत कुठे वाढवली? नाही वाढवली. किमतीला हात न लावता महाग कसं करायचं याचा हा उत्तम नमुना आहे.

रेल्वेची बाजूही आहे. गेटावर माणसं ठेवणं त्यांना परवडत नाही, लहान स्टेशनं ओस पडत चालली आहेत, आणि हंगामात शिक्क्याच्या खिडकीवर रांग लागायची हे मी स्वतः पाहिलं. उरलेले शिक्के लोक दुकानांतून विकायचे हेही खरं. तरीपण ज्या देशात गाडी मिनिटभर उशिरा आली तर माफी मागतात, तिथल्या यंत्राला पाच सुटे दिवस मोजता येत नाहीत असं मला कोणी सांगू नये.

वेळेचं बंधन घातलं म्हणून मी सरसकट चिडत नाही. जर्मनीत राज्यापुरती दिवसाची तिकिटं मिळतात, ती कामाच्या दिवशी सकाळी ९ नंतरच चालतात. गर्दीच्या वेळी नोकरदारांना जागा मिळावी, समजू शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना सकाळी ७ च्या आत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतरच प्रवेश होता. डोंबिवलीचे माझे मेहुणे तेव्हा पहाटे साडेसहाच्या लोकलने जाऊन ऑफिस उघडेपर्यंत फोर्टमध्ये फुटपाथवर पेपर वाचत बसायचे. वैतागायचे, पण शिव्या रेल्वेला नाही, कोविडला द्यायचे. कारण दिसत होतं. इथे कारण काय, तर गेट. गेटाच्या सोयीसाठी माणसाने सुट्या सलग घ्यायच्या.

त्या ३० मार्चनंतर तिकिटावर एक शिक्का उरला होता. मुदत १० एप्रिलपर्यंत. आम्ही तोवर बडोद्याला परत आलो होतो. ७ एप्रिलच्या रविवारी सकाळी लेकीचा फोटो आला: हिमेजीचा तोच किल्ला, तीच झाडं, आणि एकही काळी फांदी दिसू नये इतकी फुलं. खाली लिहिलं होतं, "पाचवा शिक्का. एकटीच आले." जावयाला त्या दिवशी काम होतं. ही तो फोटो घेऊन खारीवाव रोडवरच्या सगळ्या मैत्रिणींना दाखवून आली. सलग नियम असता तर आमचे पाच दिवस कळ्यांवरच संपले असते.

काल फोन ठेवताना लेक म्हणाली, "मी शुक्रवारची रजा टाकते, तीन दिवसांचं काढू." मी नको म्हटलं. तीन दिवस सलग लोकलने फिरायचं म्हणजे हिच्या गुडघ्यांचं काय होईल ते मला माहीत आहे, आणि तिसऱ्या दिवशी केवळ पैसे वसूल करायला त्याच गाडीने जाऊन परत यायची खोड माझी आहेच. साधी तिकिटं काढू, जमेल तेवढं बघू.

ते जुनं तिकीट तिने नंतर कोणाबरोबर तरी आम्हाला पाठवून दिलं होतं. कपाटात माझ्या शेवटच्या पासाच्या प्लॅस्टिक कव्हरात ठेवलंय. रात्री झोप येईना म्हणून काढून पाहिलं. पहिले चार शिक्के एका ओळीत, अगदी सरळ. पाचवा जरासा तिरका लागलाय.