'डूम आता खेळवत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी एका तरुण समीक्षकाची चित्रफीत पाहिली आणि तेव्हापासून डोके तापले आहे. १९९३ च्या 'डूम' या राक्षसांवर गोळ्या झाडत फिरण्याच्या संगणकीय खेळाला त्याने आधी रीतसर नमस्कार केला, इतिहासातील त्याचे स्थान मान्य केले आणि मग निकाल दिला की तो आज काही खेळवत नाही, त्याला मानाने संग्रहालयात ठेवावे. कारणे कोणती? वर-खाली पाहता येत नाही, उडी मारता येत नाही आणि राक्षस सपाट दिसतात. ही तिन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि त्यांपैकी एकाचाही मूळ प्रश्नाशी संबंध नाही.

गेल्या दिवाळीत नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीला मी लॅपटॉपवर डूमचा पहिला भाग लावून दिला होता. ती फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ खेळून तयार झालेली मुलगी. पहिल्याच मिनिटाला तिने विचारले, "काका, रीलोड कुठे आहे?" रीलोड नाहीच, बंदूक पुन्हा भरावीच लागत नाही, असे सांगितल्यावर तिने माझ्याकडे ज्या दयेने पाहिले, तीच दया आज त्या समीक्षकाच्या आवाजात होती. फरक इतकाच की पुतणी पुढे खेळत राहिली.

आणि खेळत राहिले की डूम काय आहे ते कळते, हे माझ्या मित्रयादीत तरी कोणाला पटवून द्यावे लागू नये. हा नेम धरण्याचा खेळ नाहीच, हा पायांचा खेळ आहे. इम्प या राक्षसाने फेकलेला आगीचा गोळा इतक्या वेगाने येत नाही की तो चुकवता येऊ नये. तो येताना दिसतो, तुम्ही बाजूला सरकता, आणि सरकता सरकता शॉटगन झाडता. खो-खोतला धावणारा पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देतो, तसे येथे सतत देहाचे गणित चालते. शत्रू उंचावर असेल तर गोळी वरची दिशा आपोआप पकडते, म्हणून वर पाहण्याची गरजच उरत नाही आणि सगळे लक्ष जमिनीवर, अंतरावर आणि पुढच्या वळणावर राहते. डूमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांच्या इंजिनात, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नव्हती, ही तांत्रिक मर्यादा होती, मान्य. पण त्या मर्यादेभोवती डूम रचणाऱ्या मंडळींनी जो खेळ उभा केला, तो आजही अपुरा वाटत नाही.

पुतणीच्या बाबतीत खरी गंमत पुढच्या नकाशात, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात, झाली. तिच्यावर झाडलेली एका सैनिकाची गोळी मध्ये आलेल्या इम्पच्या पाठीत बसली, आणि इम्प तिला सोडून त्या सैनिकावर उलटला. "अरे, हे तर आपापसांतच भांडतायत!" असे ओरडून ती खुर्चीत पुढे सरकली. त्यानंतर ती गोळ्या वाचवू लागली, मुद्दाम दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहू लागली आणि ऐन वेळी बाजूला होऊ लागली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. पडद्यावर सूचना उमटली नव्हती, बाण दाखवला गेला नव्हता. आजचे किती महागडे खेळ चौदा वर्षांच्या मुलीच्या बुद्धीवर एवढा विश्वास टाकतात? भिंतीआड बसायचे, जखम आपोआप भरण्याची वाट पाहायची, डोके वर काढायचे, दोन गोळ्या मारायच्या आणि पुन्हा बसायचे, याला जर कोणी प्रगती म्हणत असेल तर त्याने खुशाल म्हणावे. मी म्हणणार नाही.

थोडे शांत होऊन लिहितो. सगळा डूम सारखाच चांगला आहे असे मीही म्हणत नाही. डूमचे नकाशे रचणाऱ्यांपैकी जॉन रोमेरो यांची छाप असलेला पहिला भाग जितका घट्ट बांधलेला आहे, तितका तिसरा नाही. तेथे काही नकाशांत निळी किल्ली कोठे आणि पिवळे दार कोठे हे शोधत रिकाम्या दालनांतून हिंडताना माझाही जीव विटतो. गोळी चुकवण्याची संधीच न देणारे बंदूकधारी अंधाऱ्या कोपऱ्यात उभे करणे हाही रडीचा डाव आहे. एवढे बोलून हा विषय मी संपवतो.

कारण दुसऱ्या पारड्यात फार काही आहे. बॉबी प्रिन्स यांचे संगीत आहे. तुमच्या बंदुकीचा आवाज ऐकून बाजूच्या दालनात जागे होणारे शत्रू आहेत. झाडल्यावर क्षणभर थांबायला लावणारी ती शॉटगन आहे, जिच्या दोन आवाजांमधली उसंत हाताला पाठ होते. पुतणीला ती अर्ध्या तासात पाठ झाली होती आणि रीलोडचे नावही तिने पुन्हा काढले नाही. शिवाय डूम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने नकाशांच्या फाइली पहिल्यापासून इतरांना बदलता येतील अशा वेगळ्या ठेवल्या आणि १९९७ मध्ये सोर्स कोडही, म्हणजे खेळाचा मूळ प्रोग्रॅमही, सर्वांना खुला केला, म्हणून लोक आजही या खेळासाठी नवे नकाशे रचत आहेत. खुद्द रोमेरो यांनी २०१९ मध्ये 'सिजिल' नावाने नऊ नवे नकाशे दिले. संग्रहालयातल्या वस्तूंना असे नवे अवयव फुटत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्या समीक्षकाने हा खेळ नेमका कसा खेळला, याविषयी मला दाट शंका आहे. चित्रफितीत तो बहुतेक वेळ एका जागी उभा राहून गोळ्या झाडताना दिसतो. असा डूम १९९३ मध्येही कोणाला खेळवला नसता.

पहिला भाग तेव्हा शेअरवेअर म्हणून फुकट वाटला गेला होता आणि आजही तो मिळवणे अवघड नाही. ज्यांना माझ्याशी वाद घालायचा आहे, त्यांनी 'हर्ट मी प्लेंटी' ही मधली पातळी निवडावी, धावण्याची कळ दाबून ठेवावी, एका जागी थांबू नये आणि त्या भागाच्या शेवटी वाट पाहणाऱ्या दोन्ही बॅरन राक्षसांना पाडून यावे. मग खाली हवे तेवढे भांडू. मी रात्री उशिरापर्यंत जागा आहे.