इंजेक्शन खरं, पण कोणासाठी?

राजेंद्रनगरातल्या आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर हा मेसेज आठवड्यात तीनदा फिरला: "जन्मजात बहिरेपणावर इंजेक्शन निघालंय. एका डोसात ऐकू येतं. कॉक्लिअरचं ऑपरेशन करू नका, थांबा. घराण्यात कोणी बहिरं नसेल तर दोष आनुवंशिक नाही, ग्रहणाचा आहे." माझ्या भाचीला कॉक्लिअर, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं मशीन, बसवलंय, त्यामुळे गप्प बसवेना.

इंजेक्शन खरं आहे. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा मुलांच्या एकेका कानात ते सोडलं, पाच जणांना ऐकू येऊ लागलं. जानेवारी २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पण त्या सगळ्यांचा बिघाड ओटीओएफ या एकाच जनुकातला. हे जनुक ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनवतं. ते नसलं की कानातल्या केसपेशी आवाज पकडतात, पण निरोप मेंदूकडे जाणाऱ्या नसेला पोचत नाही. पेशी शाबूत, म्हणून दुरुस्तीला वाव. तीही सोपी नाही: इंजेक्शनातून जनुकाची चांगली प्रत पाठवायची, पण जनुक इतकं लांब की ते पेशीत नेणाऱ्या वाहक विषाणूत मावतच नाही, दोन तुकडे करून दोन विषाणूंतून पाठवावं लागतं. भाचीचा जनुक-तपासणीचा रिपोर्ट जीजेबी२ या दुसऱ्या जनुकाचा, आपल्याकडे जास्त सापडतो तो. तिला शांघायचं औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. तुमचा रिपोर्ट ओटीओएफचा निघाला, तर डॉक्टरांना जरूर विचारा.

"घराण्यात कोणी नाही." आमच्याही नव्हतं. ताई आणि भावजी, दोघांचे कान तिखट. दोघांकडे त्या जनुकाची एकेक प्रत बिघडलेली. एक चांगली असली की काही जाणवत नाही. मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या यायची शक्यता प्रत्येक खेपेला चारात एक. ताईच्या सासूबाई अजून म्हणतात, ग्रहणात भाजी चिरली. रिपोर्ट पुढे केला की त्यांचा चष्मा सापडत नाही.

सगळ्यात वाईट तो "थांबा". मेंदू आवाज आणि बोली शिकतो तो पहिल्या काही वर्षांत. ती गेली की मशीन बसवूनही बोलणं कठीण जातं. भाचीची बेरा टेस्ट, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू दाद देतात का ती तपासणी, मला आठवते: झोपेचं औषध पाजलेलं, कपाळाला वायरी, आवाज वाढवत नेला तरी स्क्रीनवरची रेघ सपाट. त्यानंतर आम्ही थांबलो नाही. आपल्या मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजनाही आहे, खर्चाच्या धास्तीनं बसू नका.

मेसेज टाकणाऱ्या काकूंचा नातू दहा महिन्यांचा आहे, मागे ताटली वाजवली तरी वळत नाही. त्यांना फोन केला. मंगळवारी बेरा आहे, मी सोबत जातेय.