नदीपर्यंतची वाट, लिस्बनची आणि कांपालची

लिस्बनला येऊन नऊ वर्षं झाली, रविवारी संध्याकाळी मी बहुतेक वेळा बेलेंच्या पुढे नदीकाठी शांपालिमो सेंटरच्या आवारात जाऊन बसतो. कॅन्सरवर संशोधन आणि उपचार होतात तिथे, 2010 ला सुरू झालं, आर्किटेक्ट आपले चार्ल्स कोरिया. वास्को द गामा 1497 मध्ये ह्याच काठावरून निघाला होता आणि तिथेच मूळ गोव्याच्या माणसाने हे उभं केलं, मला अजूनही भरून येतं. दोन इमारतींच्या मधून दगडी वाट हळूहळू चढत जाते, चढ संपेपर्यंत समोर नुसतं आकाश, मग दोन उंच दगडी खांब आणि एकदम पाणी दिसतं. तिकीट नाही काही नाही, कुणीही या.

मी फोंड्याचा, त्यामुळे पणजीत कांपालला कोरियांनीच बांधलेलं नाट्यगृह, कला अकादमी, आठवतेच. कांपालच्या रस्त्यावरून आत शिरायचं, नाटकाचं तिकीट असो नसो, सावलीतून चालत थेट मांडवीपर्यंत. तीच कल्पना, तीसेक वर्षं आधीची.

2019 मध्ये ती पाडायची भाषा झाली, लोक विरोधात उभे राहिले, हायकोर्टाने दखल घेतली, मग नूतनीकरण काढलं आणि जुलै 2023 ला काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचं छप्पर कोसळलं. त्याच नोव्हेंबरात उघडली, पण नंतरही कलाकार गळती आणि साउंडबद्दल बोलतच राहिले.

आमच्या ग्रुपवर एक म्हणतो जुनं काँक्रीट आहे, एवढा पाऊस, नवीनच बांधा. दुसरा म्हणतो बघा तिकडे कसं जपतात. मला दोन्ही पटत नाही. इकडे खाजगी फाउंडेशनचा पैसा आहे, आणि गोव्यासारखा पाऊस कुठे पडतो इथे! आणि हात लावूच नका असंही माझं म्हणणं नाही, नवी मुंबईत बेलापूरच्या वसाहतीत कोरियांनी घरांच्या भिंती एकमेकांना लागू दिल्या नाहीत ते लोकांना पुढे आपापलं घर वाढवता यावं म्हणूनच. पण मे महिन्यात कौलं चाळल्याशिवाय आपण घरी पावसाळा काढत नव्हतो ना? मग एवढी मोठी इमारत वर्षानुवर्षं तशीच कशी सोडली?

दर मे महिन्यात गच्ची, पन्हाळी, वायरिंग कुणी तपासलं आणि किती खर्च झाला एवढं अकादमीच्या दारावर लावा. कलाकारांनी सरकारकडे आधी हे मागावं असं मला मनापासून वाटतं, उद्घाटनं आणि रोषणाई नंतर.