जर्मनीतलं आर्किटेक्चर ‘फुकट’? जरा थांबा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘जर्मनीत आर्किटेक्चर, प्लॅनिंगचं मास्टर्स फुकट, फक्त विमानाचं तिकीट काढा.’ भो, हे अर्धंच खरं आहे.

बऱ्याच सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची वर्गणी तेवढी भरायची. पण श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं, तिथे युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही 2024 पासून अशांना फी लावली.

खरी मेख ब्लॉक्ड अकाउंटची. स्कॉलरशिप किंवा हमीदार नसेल तर व्हिसासाठी त्यात वर्षाचे 11,904 युरो (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा) आधीच भरून दाखवावे लागतात. तिथे गेल्यावर महिन्याला 992 सुटतात. पैसा तुमचाच, फी नव्हे. पण तो एकरकमी उभा करायचा, आणि रावेरकडची केळी काही व्हिसाची तारीख बघून कापणीला येत नाहीत. त्यामुळे कर्जाचं बँकेत आधीच बोलून ठेवा.

शिवाय एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्या पदवीची कागदपत्रं खरी आहेत हे तपासून मिळणारा दाखला, नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना सक्तीचं आहे. त्याची फी वेगळी. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखच नाही.